सदाफुलीला शेळी तोंड लावत नाही

कलबुर्गीच्या ज्या रुग्णालयात माझे उपचार झाले, तिथे केमोच्या हॉलबाहेर लोखंडी बाकं आहेत. तिथे पहिल्यांदा आलेलं माणूस लगेच ओळखू येतं. ते फाइल पोटाशी घट्ट धरून बसतं, पाणी प्यायचं विसरतं आणि समोरच्या केस गेलेल्या बायकांकडे बघायचं टाळतं. मी आता फक्त तपासणीला जाते. डोक्यावर केस आलेत, अंगही भरलंय, त्यामुळे मला कुणाची तरी नातेवाईक समजून शेजारची बाई विचारते, "तुमचं पेशंट आत हाय का?" मी सांगते, पेशंट मीच होते. मग प्रश्न सुरू होतात. लई दुखतंय का? जेवण जातंय का? घरच्यांनी कसं घेतलं? आणि शेवटी, आवाज खाली आणून, माणूस वाचतंय का खरंच?

बाकावर बसून सांगता येईल तेवढं सांगते. तेवढ्यात आतून नाव पुकारतात आणि बरंचसं राहून जातं. ते राहिलेलं इथे लिहिते.

गाठ

माझं नाव सुजाता. माहेर हुमनाबादकडचं निर्णा. नोकरी बीदरला, जनावरांच्या खाद्यावरच्या संशोधनाची. शेतात जे वाया जातं ते जनावराच्या पोटात घालता येईल का, हे मी बघते. केळीचा घड उतरवला की उरलेलं खोड शेतकरी बांधावर फेकून देतो. ते खोड बारीक चिरायचं, तुरीच्या भुसकटात मिसळायचं आणि हवा लागू न देता पिशवीत दाबून मुरवायचं. त्याचा मुरघास होतो. उन्हाळ्यात हिरवं काडीभर मिळत नाही तेव्हा तो शेळ्यांना चालतो का, मानवतो का, हे माझं काम.

त्यासाठी शेळ्यांचे दोन गट करतो. एकाला रोजचा चारा, दुसऱ्याला मुरघास. कुठली शेळी कुठल्या गटात जाणार हे मी ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. आपण निवडायला गेलो की चांगल्या शेळ्या नकळत आपल्या आवडत्या बाजूला जातात आणि मग प्रयोग खोटा पडतो. हे मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षं शिकवलं की त्यात काही विशेष आहे असं मला वाटेनासं झालं होतं.

शेळी तपासताना तिच्या जबड्याखाली बोटं घालून गाठी चाचपायच्या, ही माझी सवय. एका सकाळी वेणी घालताना तीच बोटं माझ्या मानेवर थांबली. डाव्या बाजूला, कानाखाली. चिंचोक्यापेक्षा मोठी, रबरासारखी गाठ होती. दाबली तरी दुखत नव्हती. दुखली असती तर मी निवांत झाले असते. न दुखणारी गाठ काय असू शकते हे मला जनावरांमुळे ठाऊक होतं.

मिलिंद, माझा नवरा, हायस्कूलला गणित शिकवतो. तो म्हणाला, "दाढेमुळं आली आसंल." मीही तेच म्हणाले. मधल्या काळात झोपेत घामानं उशी भिजायची, ते आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. दाढेच्या डॉक्टरनं दाढ चांगली आहे असं सांगितलं आणि त्यानंच आम्हाला कलबुर्गीला पाठवलं.

परतीची बस

आमच्या डॉक्टरबाई समोरच्याला जी भाषा कळेल ती बोलतात, कानडी, उर्दू, मराठी. गाठीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी खुर्ची टेबलामागून काढून आमच्याजवळ आणली. तेवढ्यावरून मला कळलं.

"लिम्फोमा आहे," त्या म्हणाल्या. "एक प्रकारचा कर्करोग. एकाच गाठीत नाही, छातीतही आहे. पण याच्यावर चांगले उपचार आहेत आणि आपण ते करणार आहोत."

मी प्रकार विचारला, कुठवर पसरलाय ते विचारलं, औषधांची नावं विचारली. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं. मिलिंद आपल्या हातांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "ही शेळ्यांत काम करते. त्यांच्यापासून तर आलं नसंल?"

"नाही."

"मग कशामुळं?"

"ते आम्हाला सांगता येत नाही."

कमलापूरला बस थांबली तसे लाल केळी विकणारे खिडकीखाली आले. त्या गावची लाल केळी प्रसिद्ध, बस थांबली की घ्यायची असा आमचा रिवाज. मिलिंदनं सवयीनं हात बाहेर काढून एक फणी घेतली, मांडीवर ठेवली आणि त्याला रडू फुटलं. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. पलीकडच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि टोपीनं आपल्या नातवाचेही डोळे झाकले. मला त्याचं फार बरं वाटलं.

मी एक केळं सोलून मिलिंदच्या हातात दिलं, एक स्वतः खाल्लं. गोड लागलं. एवढं सगळं ऐकून आल्यावरही जिभेला गोड ते गोडच लागतंय, याचं मला नवल वाटलं.

मायचा प्रश्न

माझी माय निर्ण्याहून आली ती पिशवी खाली ठेवायच्या आत माझी मान चाचपून मोकळी झाली. मग माझ्यासमोर भुईवर बसली.

"कामून झालं हे?"

"म्हाईत न्हाई, माय."

"तू येवढी शिकलीस, आन् तुलाबी म्हाईत न्हाई?"

"कुणालाच म्हाईत न्हाई."

"कशानं झालं ते म्हाईत न्हाई, मग औषध कसं म्हाईत झालं?"

माझी माय कधी शाळेत गेली नाही. प्रश्न मात्र बरोबर होता, आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे खुर्चीत सलाईन लावून बसल्यावर माझ्याकडे वेळच वेळ होता. त्या वेळात मी मनातल्या मनात मायलाच उत्तर देत होते.

चिठ्ठी

उपचार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरबाईंनी एक गोष्ट विचारली. देशातल्या बऱ्याच रुग्णालयांत मिळून एक अभ्यास चालू होता. काही रुग्णांना नेहमीचा उपचार, काहींना नेहमीचाच उपचार आणि सोबत एक नवी गोळी. गोळीनं जास्त गुण येतो का ते बघायचं. कोण कुठल्या बाजूला ते संगणक ठरवणार. यायचं की नाही ते मी ठरवायचं. नाही म्हटलं तरी उपचारात काही कमी होणार नाही, आणि हो म्हणून मधेच सोडलं तरी कुणी रागावणार नाही.

घरी आल्यावर मिलिंद भडकला. तो भडकला की आवाज चढत नाही, उलट हळू होतो.

"तू काय शेळी हाईस का? कानात बिल्ला मारून गटात घालायला?"

"बिल्ला न्हाई मारत."

"मस्करी करू नको. दुसऱ्या कुणावर करू देत की त्यांला."

"दुसऱ्या म्हंजे कुणावर?"

माय भाकरी थापायची थांबली होती.

"शेळीला कुणी विचारत न्हाई मिलिंद," मी म्हणाले. "मी कधीच विचारलं न्हाई. मला विचारलं. दोनदा विचारलं, आन् विचार करायला घरी पाठवलं."

त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. भीती वाटते तेव्हा माणूस कशाला तरी हट्टानं धरतो. त्यानं ह्याला धरलं होतं. सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाला, "सही करायला मी यायलोय सोबत. तू एकटी न्हाई करायची."

संगणकानं मला नेहमीच्या उपचारात टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या काढणारी मी, माझी चिठ्ठी निघाली आणि तो कागद मी दोनदा वाचून काढला. नवी गोळी आपल्याला मिळावी असं आत कुठेतरी ठरवून बसले होते, ते तेव्हा कळलं.

डॉक्टरबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "जुनं म्हणजे कमी नव्हे. ह्या उपचारातलं एकेक औषध कधी ना कधी नवं होतं. तेव्हा त्याच्यासाठीही कुणीतरी असंच हो म्हणालं असेल."

"कोण होते ते?"

"नावं कुठं असतात? नावं लपवूनच तर अभ्यास करतात. तुमचंही नाव कुठं येणार नाही."

खुर्चीत बसून

पहिल्या दिवशी सिस्टरनं दुहेरी हातमोजे घालून लाल औषधाची सिरिंज आणली. तिथले सगळे त्याला "लाल सरबत" म्हणतात. औषध आत जाताना थंडगार लागलं, आणि नंतर लघवीही लालसर झाली. सिस्टरनं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते, घाबरू नका, ते रक्त नव्हे.

ते लाल औषध मुळात मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. दुसऱ्या बाटलीतल्या औषधाची सुरुवात उंदराच्या पेशींपासून झालेली. आणि तिसरं, छोट्याशा सिरिंजमधलं, पाण्यासारखं दिसणारं, ते सदाफुलीचं. हे मी वाचून होते. पण वाचलेलं असणं आणि ते आपल्या शिरेतून आत जाताना बघणं यात फार अंतर आहे. कुठे कुणी मातीचा नमुना घेतला, कुठे उंदीर पाळले, कुठे पानं वाळवली, आणि ते सगळं कलबुर्गीच्या एका खुर्चीत, माझ्या उजव्या हातात येऊन मिळालं. पहिल्या दिवशी मला मळमळ झाली, थंडी वाजली, भीती वाटली. पण मी घरी येऊन मिलिंदला जे सांगितलं ते हेच.

सदाफुलीची गोष्ट तर मला आजही खरी वाटत नाही. तिचा काढा लोक साखरेच्या आजारावर द्यायचे. तो खरा की खोटा हे बघायला संशोधकांनी तिच्या पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. फसलेला प्रयोग म्हणून तो तिथेच सोडून देता आला असता. माझे असे कितीतरी प्रयोग मी सोडले आहेत. पण कुणीतरी थांबलं आणि म्हणालं, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात असेही आजार आहेत की. त्या थांबण्यावर आज मी जिवंत आहे.

निर्ण्याला आमच्या दारात सदाफुलीच आहे. दुसरं काही लावलं की शेळ्या खाऊन जातात, म्हणून गावातल्या बायका सदाफुली लावतात. शेळी बाभळीच्या काट्यांतून पाला ओढून खाईल, वाळत घातलेलं लुगडं चघळील, पण सदाफुलीला तोंड लावत नाही. हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक आहे. कामून लावत नाही, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता, आणि माझा तर पगारच जनावर काय खातं ह्याचा.

अण्णाचा डबा

मिलिंदनं हे माझ्या थोरल्या भावाला फोनवर सांगितलं. अण्णा निर्ण्यालाच शेती बघतो, तूर आणि थोडी पेरूची बाग. पुढच्या आठवड्यात तो बीदरला आला तो स्टीलचा मोठा डबा घेऊन. झाकण उघडलं तर हिरवट काळं पाणी. दारातली सगळी सदाफुली त्यानं उकळून आणली होती.

"हे पी," तो म्हणाला. "ते सुईनं थेंब थेंब द्यायलेत. हे आपल्या दारचं हाय, ताजं हाय."

"अण्णा, हे पिले तर मी मरंन."

त्याचा चेहरा उतरला. "मग त्या सुईत काय हाय?"

"हेच हाय."

मी त्याला खाली बसवलं. सांगितलं की पानात एक गोष्ट नसते, शेकडो असतात, त्यातल्या बऱ्याच विषारी. पोत्यानं पानं घेतली तरी हवी ती गोष्ट चिमूटभरसुद्धा निघत नाही. ती वेगळी काढायची, माझ्या अंगाच्या मापानं मोजायची, आणि ती फक्त शिरेतच द्यायची. किती दिलं तर गाठ जाते आणि किती दिलं तर माणूस जातो, ह्याच्या मधली जागा अगदी अरुंद. ती जागा शोधायला लोकांनी आपापली आयुष्यं घालवली.

अण्णानं डबा उचलला आणि मोरीत ओतला. मग डबा दोनदा घासून धुतला, त्यात पुन्हा कुणी दूध भरेल म्हणून. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "येवढं होतं व्हय तिच्यात. आपुन निस्ती फुलं वाहत आलो बुद्धाला."

घास

तोंडात फोड आले, जिभेवर सतत लोखंडासारखी चव राहायची. भाताचा वास आला तरी पोटात ढवळायचं. मायला ते सोसवेना. ताट पुढे करून ती बसून राहायची. "दोन घास खा. माझ्यासाठी खा. आसं कसं जगायचं?" मी चिडायचे, ती रडायची, आणि ताट तसंच परत जायचं. आमच्या घरात आजारापेक्षा जेवणाच्या वेळांची धास्ती बसली होती.

एक दिवस मिलिंदनं मायला शेजारी पाठवलं आणि एका लहान वाटीत चार चमचे दहीभात आणला. वाटी माझ्याजवळ ठेवली आणि स्वतः वह्या तपासत बसला. थोड्या वेळानं निम्मी उरलेली वाटी उचलून घेऊन गेला. तासाभरानं दुसरी वाटी आली, वेगळ्या चवीची, थंड.

तिसऱ्या वाटीला मी विचारलं, "हे काय चालवलंस?"

"तूच सांगायचीस की," तो म्हणाला. "जनावर नवं खाणं नाकारायला लागलं तर थोडं थोडं ठेवायचं. शिळं लगेच काढायचं. वास आवडत न्हाई तर बदलून बघायचा. आन् समोर उभारून हट्ट करायचा न्हाई."

मी शेतकऱ्यांना शिबिरात हे सांगते. घरी जेवताना कधी बोलले असेन. ह्या माणसानं ते ऐकून ठेवलं होतं. मी हसले, फोड आलेल्या तोंडानं हसले, ते दुखलं.

कच्ची फळं मला बंद होती. पांढऱ्या पेशी कमी असताना सालीवरची घाणसुद्धा बाधते म्हणून. अण्णाच्या बागेतले पेरू घरात येऊन पडायचे आणि मी नुसता वास घ्यायचे. तेव्हा मायनं त्यांच्या बिया काढून, गूळ घालून भाजी शिजवली. लहान वाटीत आणली, माझ्याजवळ ठेवली आणि तीही पाठ फिरवून गहू निवडत बसली. मी ती वाटी संपवली.

ताप

केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर ताप चढला. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की ताप आला तर सकाळची वाट बघू नका, तडक या. मीही तुम्हाला हेच सांगते. आम्ही गेलो तेव्हा रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मला वेगळ्या खोलीत ठेवलं. मिलिंद काचेबाहेर. मायला तर वॉर्डातच यायला मनाई.

मला मरणाची भीती वाटली ती तिथेच. निदानाच्या दिवशी नव्हती वाटली. अंगात उठून बसायचं बळ नव्हतं. भिंतीवर एक डाग होता, तो मला कधी मोठा दिसायचा, कधी लहान. मायसारख्या ओव्या मला येत नाहीत, देव मी मानत नाही, त्रिशरण तेवढं येतं, तेही मधेच तुटायचं. मग मी नुसतं "माय, माय" म्हणत राहिले.

रोज सकाळी रक्त नेत. हाडांतल्या मज्जेला जागं करायचं इंजेक्शन देत. हाडं आतून ठणकायची, कंबरेचं हाड तर फुटेल असं वाटायचं. सिस्टर म्हणाल्या, "दुखतंय म्हणजे काम चाललंय." आणि एका सकाळी त्या नुसत्या अंगठा वर करून काचेबाहेर उभ्या राहिल्या. पेशी वाढल्या होत्या. मी काहीही केलं नव्हतं, पडून होते. माझ्या हाडांनी आपलं आपण सगळं पुन्हा घडवलं होतं. मी शरीराचा अभ्यास केलेली बाई, पण ते दुखरं कंबरेचं हाड मी हातानं कुरवाळलं.

नागम्मा

तापातून उठून पुन्हा खुर्चीवर आले तेव्हा शेजारच्या खुर्चीत नागम्मा होती. कमलापूरची, घरी लाल केळीची बाग. माझ्याहून लहान. तिचं मराठी कानडीच्या चालीचं. तिलाही तोच आजार आणि तिलाही तोच अभ्यास विचारला होता.

"अक्का, तुमी शिकलेले," ती म्हणाली. "जाऊ का नको, सांगा."

मी हो म्हणाले तर ती हो म्हणणार होती. "मी न्हाई सांगणार," मी म्हणाले. "पण तुम्हाला कळंपर्यंत विचारत राहा. आज विचारा, उद्या परत विचारा."

तिनं विचारलं. डॉक्टरबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला बसवून कानडीत सगळं पुन्हा सांगितलं. मी लांबून बघत होते. नवरा मान हलवत नाही नाही म्हणत होता. नागम्मा ऐकत होती.

पुढच्या वेळी तिनं सही करून टाकली होती. मी विचारलं, कसं ठरवलंत?

"आमच्या केळीला बी न्हाई ना अक्का. मुनव्यावरच, बुंध्याशी फुटलेल्या कोंबावरच येते. कुणीतरी आमच्या सासऱ्याला मुनवे दिले, तवा आमची बाग झाली. मागायला आलेल्याला आमी बी देतो. ह्येबी तसंच की."

संगणकानं तिला नवी गोळी दिली. तिच्या अंगावर पुरळ उठलं, गोळी काही काळ थांबवली, परत सुरू केली. माझे उपचार संपले तेव्हा तिचे चालू होते. परवा तपासणीला भेटली, बरी आहे, केस कुरळे आलेत म्हणून लाजत होती. अभ्यासाचा निकाल अजून लागलेला नाही. नवी गोळी जुन्या उपचाराहून बरी का, हे आज डॉक्टरबाईंना ठाऊक नाही, नागम्माला नाही, मला नाही. पुढे कधीतरी कुणीतरी त्या बाकावर येऊन बसेल तेव्हा ते ठाऊक असेल.

मीही आता गोठ्यावर जाते. चिठ्ठी काढताना हात जरा थांबतो. मग काढते.

काच

उपचार संपल्यावर केलेल्या तपासणीत छातीत आणि मानेत काही दिसलं नाही. डॉक्टरबाईंनी "काही नाही" हे शब्द दोनदा उच्चारले, कारण पहिल्यांदा आमच्यापैकी कुणाला ऐकूच आले नाहीत. मिलिंद कॉरिडॉरमध्ये जाऊन अण्णाला फोन लावत बसला, तो लागेना.

मी डॉक्टरबाईंना म्हणाले, "मला माझी गाठ बघायची आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला, मला आणि मायला, खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी एक मेणाचा ठोकळा दाखवला, आगपेटीपेक्षा लहान, त्यात माझ्या गाठीचा तुकडा बसवलेला. त्याचे पातळ काप करून काचेवर घेतात. एक काच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

मी शेळ्यांच्या अशा कितीतरी काचा बघितल्या आहेत. तरी डोळा लावताना श्वास धरला. जांभळ्या गोल पेशी, एकीला लागून एक, कुठे जागा म्हणून नाही. गुलाबी धागे मधून गेलेले. सुंदर होतं ते, आणि त्यानं मला मारायला काढलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच काचेवर होत्या. मी बराच वेळ बघत राहिले.

मग माय पुढे झाली. तिनं पदर सावरला, एक डोळा मिटला. तिला आधी काही दिसेना, डॉक्टरांनी चक्र फिरवून दिलं. ती एकदम स्थिर झाली.

"हे तुझ्या मानंत व्हतं?"

"व्हय."

"आन् आता न्हाई."

"न्हाई."

ती पुन्हा वाकून बघायला लागली. मी तिला सांगितलं की हा तुकडा ते टाकून देणार नाहीत. पुढे नवीन तपासण्या निघतील, नवीन औषधं निघतील, तेव्हा हा पुन्हा बाहेर काढून बघतील. आपल्याला कधी न भेटणारी माणसं ह्याच्यावरून काहीतरी शिकतील. तू विचारलं होतंस ना, औषध कसं म्हाईत झालं, ते असं म्हाईत होतं, माय.

मायनं डोळा काढला. मेणाचा तो ठोकळा टेबलावर होता, त्याच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. ज्या गाठीला ती इतके महिने शिव्या देत आली होती, तिच्यासाठी ती त्यांना म्हणाली,

"नीट ठिवा बाबा. माझ्या पोरीचं हाय ते."